माझ्यासाठी केलेली प्रार्थना

ख्रिस्ती मंडळीत काम करणाऱ्या पोरी आता माझ्याकडे येतात आणि म्हणतात, आजी, आम्हाला धीर येईल असं काही सांगा. सांगेन, पण आधी हे ऐका. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही.

मी अमरावतीत बायबलबाई होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर, पोरांच्या पाट्यांवरून मी अक्षरं उचलली. घरोघर जायचं, बायकांत बसायचं, शास्त्रातली गोष्ट सांगायची, आजारी कोण, बाळंतीण कोण ते पाहायचं, हे आमचं काम. एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, असा नियम. माझी जोडीदारीण विधवा, पदरी एक पोरगी, आवाज गोड. सात वर्षं आम्ही बरोबर पाय झिजवले. एवढं चालल्यावर बाई बाईजवळ काय बोलत नाही?

बायकांची वार्षिक सभा अकोल्याला भरे. अध्यक्षाच्या खुर्चीत नेहमी गोरी मडम. त्या वर्षी आमच्या मिशनच्या मिससाहेब म्हणाल्या, यंदा सभा आपल्यातली बाई चालवील, आणि त्यांनी माझं नाव घेतलं. त्या दिवशी भाकरी थापताना मी एकटीच हसत होते. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर मी ताटात एक भाकरी जास्त वाढली.

त्याच उन्हाळ्यात नांदगाव खंडेश्वराकडून निरोप आला की आई अंथरुणाला खिळली. माझं माहेर माळ्याचं, वांग्या-भोपळ्यांच्या वाडीचं. मी ख्रिस्ती झाले तरी आईनं मला टाकलं नव्हतं. फक्त माझ्या तोंडाकडे पाहणं सोडलं होतं. आम्ही कुंकू लावत नाही, आणि तिच्या लेखी मोकळं कपाळ म्हणजे रांडपण.

खाटेवरून म्हणाली, "तुहा नवरा मेला काय?"

"नाही वं माय. चांगला हाये."

"मंग तुहं कपाय असं काहून? मले पाहवत नाही. तिकडं तोंड कर."

तिकडं तोंड करून पेज भरवायची कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीच्या करंड्यातलं कुंकू लावलं. आई माझ्याकडे पाहतच राहिली आणि वाटीभर पेज प्यायली. चार दिवस मी कुंकू लावलं. पाचव्या दिवशी ती गेली. मी कपाळ धुतलं आणि परत आले.

हे मी एकीलाच, माझ्या जोडीदारणीला सांगितलं. बडनेऱ्याच्या रस्त्यावर, निंबाखाली बसून. ती माझ्याबरोबर रडली.

"कोणाजवळ बोलू नका, बाई," मी म्हटलं.

"मी एवढी हलकी वाटली काय तुमाले?" ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी भगिनीमंडळाची प्रार्थना होती. वीसेक बायका, मिससाहेब, पाळकांची बायको. डोळे मिटून एकेक जण प्रार्थना करत होती. माझ्या जोडीदारणीची पाळी आली. तिनं पावसासाठी मागितलं, दवाखान्यातल्या आजाऱ्यांसाठी मागितलं, आणि मग त्याच गोड आवाजात म्हणाली, "हे दयाळू बापा, जी अकोल्यास आमच्यापुढे चालणार आहे त्या तुझ्या दासीला क्षमा कर. आईच्या मायेपायी तिने चार दिवस कपाळी कुंकू लावले. तिला दुर्बलतेतून उठव."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. सवयीनं मीही म्हटलं. डोळे उघडले तर सगळ्या माझ्या कपाळाकडे पाहत होत्या.

पोरींनो, चुगलीला उत्तर देता येतं. चुगली करणारीशी भांडता येतं. प्रार्थनेशी कसं भांडायचं?

दाराशी मी तिला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "मी देवाजवळ बोलली. लोकाजवळ बोलली काय एक शब्द?" तिला ती खुर्ची हवी होती की तिला खरंच माझी काळजी होती, हे मला आजही सांगता येत नाही.

मिससाहेबांनी विचारलं, "हे खरे आहे काय?" खरं आहे, म्हटलं. "आपणास पश्चात्ताप होतो काय?" इथं हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण वाटीला लागलेले आईचे ओठ मला दिसत होते. मी म्हटलं, "नाही."

तीन महिने मला प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षरस, बंद झालं. अकोल्याची खुर्ची तिला मिळाली. मी गेले, मागच्या रांगेत बसले. सभा तिनं चांगली चालवली, हेही सांगितलं पाहिजे. शेजारची अकोल्याची बाई मला म्हणाली, "तुमच्या तिकडची ना हे? किती मायाळू हाये." मी म्हटलं, "हो."

त्यानंतर शुक्रवारी बायका आपलं काही बोलेनात. पाऊस, पीक, विलायतेच्या बादशहाची तब्येत. एक म्हातारी मला म्हणाली, "आता देवाले बैलाचंच सांगा लागते. घरचं सांगाची सोय नाही राहिली." घरचं सांगायला त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या, निवडायची ज्वारी सुपात घेऊन. कोणाचा नवरा पिणारा, कोणी मुलासाठी दर्ग्यात धागा बांधून आलेली. मी ऐकायची, चहा द्यायची, मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. याला कोणी सेवा म्हटलं नाही.

दोन वर्षांनी माझी ती जोडीदारीणही आली. बसली, माझ्यापुढचं सूप ओढून खडे वेचू लागली. मग म्हणाली, "बाई, मले काही सांगाचं हाये. पोरीचं."

"सांगा ना," मी म्हटलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, परवा शुक्रवार आहे, पहिली प्रार्थना माझी आहे. नुसतं मनात आलं. मी तसं केलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय दिसायचं ते दिसलं.

तिनं सुपातली ज्वारी पुरी निवडली. "काही नाही, असंच," म्हणाली आणि पदर सावरून उठली. चहा घेऊन जा, असं मी दारातून म्हटलं तेव्हा ती फाटकाबाहेर गेली होती. तिच्या पोरीचं काय झालं होतं ते मला कधीच कळलं नाही.