बसायला आलेली गिऱ्हाइकं

आई पौषात गेली तेव्हा मी पॅरिसमधल्या एका फार महागड्या दुकानात इंटर्न होते. माझा पासपोर्ट मुदतवाढीसाठी तिथल्या कचेरीत अडकलेला. तो सुटून मी पूर्णा गावी घरी पोचले तोवर तेरावा होऊन गेला होता. सगळ्यांचं रडून झालं होतं, माझं तेवढं राहिलं होतं, आणि एकटीनं रडायला सुरुवात कशी करतात ते मला कळेना. त्याऐवजी मला हसू यायचं, तेही भलत्या वेळी.

इंटर्नशिपचा एक महिना उरला होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो घरून पुरा करायची परवानगी मिळवून दिली. अट एकच होती. कुठल्याही दुकानात, त्यांच्या पद्धतीनं, एक विक्री करायची आणि ती कशी झाली ते लिहून पाठवायचं. विक्री झाली नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही तर माझ्या पदवीचं शेवटचं वर्ष पुन्हा. मी तीन आठवडे नुसती पुस्तकं वाचत बसले. शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा पाथरीची बस पकडली.

पाथरीत माझ्या मामाचं साड्यांचं दुकान आहे. मी पॅरिसला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "दुकानच शिकायचं तर एवढ्या लांब कशाला? पाथरीत मामा काय मेला होता का?"

मामाला मी सगळं समजावलं. गिऱ्हाईक आत आलं की त्याला दहा पावलं चालू द्यायचं, मगच बोलायचं, तेही हळू. बोटानं काही दाखवायचं नाही, उघड्या तळव्यानं दाखवायचं. आपण काळे कपडे घालायचे, म्हणजे नजर वस्तूकडे जाते. आधी पाणी द्यायचं. किमतीचा विषय आपण काढायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकामी जागा. माल जितका कमी दिसेल तितका त्याचा मान मोठा.

मामा म्हणाला, "माझ्याकडं गिऱ्हाईक आलं की मी चाळीस साड्या अंगावर फेकतो. एक दाखवली तर ते म्हणंल, दिवाळं निघालं." पण भाचीपुढे त्याचं काही चालत नाही. गुरुवारी सकाळी आम्ही सगळा माल मागच्या खोलीत नेला. कपाटांवर पांढऱ्या चादरी टाकल्या. गादीवर मधोमध पाट ठेवला, पाटावर एकच पैठणी, साध्या काठाची, जांभळी, आणि तिच्यावर उजेड पडेल असा एक दिवा लावला. मामाला पांढरे हातमोजे घातले आणि बोलायची बंदी केली. मामा गप्प बसला की कसा दिसतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते. फार दुःखी दिसतो.

पहिली आली ती पेडगावची एक बाई, पन्नाशीची, बागायतदार घरातली, मामाचं जुनं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बांधायला आली होती. दारात थांबली, आत पाहिलं, चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला टेकून बसली. मी दहा पावलांएवढा वेळ थांबले आणि पाण्याचा पेला दिला. ती दोन घोट प्यायली आणि खाली बघत राहिली. मीही गप्प राहिले. पॅरिसच्या चार महिन्यांत मला इतकं समजूतदार गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

थोड्या वेळानं आणखी दोघी आल्या आणि तशाच तिच्याशेजारी बसल्या. मी मनातल्या मनात अहवालाचा पहिला परिच्छेद लिहायला घेतला.

मग पेडगावच्या बाईनं पाटाकडे बघत हळूच विचारलं, "कवा झालं?"

मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात. पण दोन महिने लागले."

"दोन महिने. लय हाल झाले असतील मग."

"हाल तर होतातच. पण शेवट बघा ना, किती देखणा झालाय." मी उघड्या तळव्यानं पैठणीचा पदर दाखवला.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मामाला कळलं होतं. त्यानं दोन्ही हातमोजे तोंडावर दाबले आणि त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. दोघींपैकी एक चटकन सरकून त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, धीर धरा भाऊ, तुमीच असं केल्यावर लेकरानं कुणाकडं बघायचं. तेव्हा मलाही कळलं. काळे कपडे, पांढऱ्या चादरी, पाट, दिवा, पाणी, कुजबुज. जगातल्या सगळ्यात महागड्या दुकानाची शिस्त मी पाथरीत जशीच्या तशी उभी केली होती, आणि बायका आमच्याकडे दुःखाला बसायला आल्या होत्या.

"कोनी गेलं न्हाई, माय," मामा डोळे पुसत म्हणाला. "ही पोरगी मला परदेशी दुकान शिकवायलीय."

त्यानंतर जे हसू सुटलं ते मला लिहून सांगता येणार नाही. एकीला ठसका लागला. मी पोट धरून गादीवर आडवी झाले. ओसरतंय असं वाटलं की कुणीतरी "शेवट देखणा झालाय" म्हणायचं आणि पुन्हा सुरू.

सगळ्यात आधी पेडगावची बाई थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "मग हिचे डोळे असे का दिसायलेत?"

मामानं सांगितलं. हिची आई, माझी थोरली बहीण, पौषात.

पेडगावची बाई माझ्याजवळ सरकली. मग तिनं विचारलं, दुखवटा कुणी केला का हिला? आमच्याकडे घरात माणूस गेलं की जवळचे लोक नवं कापड आणतात आणि दुःखातल्या माणसाच्या अंगावर घालतात. तिथून त्यानं पुन्हा माणसांत यायचं. माझ्या वडलांना झाला होता, मामालाही. मी विमानात होते.

"मी यांच्या दुकानची साडी नेसून लग्नाला उभी ऱ्हायले," ती मामाकडे मान करून म्हणाली, "म्हंजे हे माझे भाऊ झाले. मी तुझी मावशी." मग तिनं दुकानभर नजर फिरवली. एकच साडी दिसत होती. मामा घाईनं मागून साध्या साड्या आणायला उठला, तर म्हणाली, समोर हाय तीच घेनार. मामा तिच्याकडून पैसे घेईना. ती म्हणाली, दुकानातनं फुकट नेलेला दुखवटा लागू होत नसतो. शेवटी मामा हरला. तिनं पैठणी उघडली, माझ्या खांद्यावर टाकली, आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. मला सुरुवात करावी लागली नाही.

संध्याकाळी मी मार्गदर्शक बाईंना फोन लावला. फ्रेंचमध्ये दुखवटा समजावायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, सुंदर गोष्ट आहे, पण विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून भेट घेतली तर ती विक्री धरता येत नाही. अजून उद्याचा दिवस आहे.

शुक्रवारी मी रिवाजाप्रमाणे जांभळी पैठणी नेसले. मामानं सगळा माल पुन्हा कपाटांत भरला. दुपारी मावशी राहिलेल्या बस्त्यासाठी लेकीला घेऊन आल्या. मामानं चाळीस साड्या फेकल्या. मुलीनं एकीकडेही पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"मला ह्यांच्या अंगावरचीच पायजे."

मी सांगितलं, ही मिळणार नाही, हा दुखवटा आहे. अशी दुसरी विणायला दोन महिने लागतील.

लग्न तीन आठवड्यांवर होतं. मुलगी म्हणाली, "मग लग्न पुढं ढकला."

"नवराच विणायला टाक त्यापरीस," मावशी म्हणाल्या.

मुलगी हटेना. शेवटी असं ठरलं की लग्नाला मामाच्या ढिगातला शालू घ्यायचा आणि पैठणी पहिल्या दिवाळसणाला. मी वही काढून तिचं नाव लिहिलं, रंग लिहिला, आणि विणकराला फोन लावून दिला. ती तिथेच उभी राहून, अजून नसलेल्या साडीबद्दल, मैत्रिणीला फोनवर सांगायला लागली.

मार्गदर्शक बाईंनी ही विक्री लगेच धरली. म्हणाल्या, वाट पाहणं विकता आलं की मग शिकवण्यासारखं फारसं उरत नाही.

मामाला मी हे मराठीत सांगितलं. तो साड्यांच्या घड्या घालत होता.

"माल न्हाई, तरी गिऱ्हाईक खूश होऊन गेलं," तो म्हणाला. "आन मी येडा, एवढी कपाटं भरून बसलोय."