गाळणीचे तीन आठवडे

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात तीन आठवडे गाळणी सोडून दुसऱ्या विषयावर कुणी बोललं नाही.

माझा मुलगा मिलिंद वॉटफर्डला राहतो आणि रोज ट्रेनने लंडनला जाऊन कॉम्प्युटरवर काम करतो. सून रूपाली बँकेत आहे. नात आर्या सात वर्षांची. मी सहा महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे आले, तेव्हा मिलिंदला नवा छंद लागला होता : घरी बिअर करायची. दुकानात बाटली मिळते, स्वस्त मिळते, थंडगार मिळते. पण तसं केलं तर गॅरेज मोकळं राहिलं असतं!

गॅरेजमध्ये खाली तोटी असलेलं एक निळं पिंप आहे. त्यात मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली गरम पाण्यात तासभर भिजवायची आणि मग तोटी उघडायची. पाणी बाहेर यावं, धान्य आत राहावं, म्हणून पिंपाच्या तळाशी एक गाळणी लागते. सगळं घोडं तिथे अडलं होतं. घर घेताना मिलिंदनं तीन दिवस विचार केला. लग्न ठरवताना तीन तास. गाळणीला तीन आठवडे!

ह्यात त्याची अब्रू अडकली होती. आमच्या रस्त्यावरचे लोक उन्हाळ्यात एकदा सगळे मिळून बाहेर टेबलं मांडतात आणि ज्यानं त्यानं काहीतरी करून आणायचं असतं. रूपालीनं यादीत सामोसे लिहिले होते. मिलिंदनं सगळ्या रस्त्याला फोनवर कळवलं, की बिअर माझी, घरी केलेली, कुणी विकत आणू नका. आधी कळवलं आणि मग गाळणी शोधायला लागला. हा स्वभाव त्याच्या वडिलांचा. (त्यांनी आधी म्हैस आणली आणि मग गोठा बांधला.)

पहिली आली ती स्टीलच्या जाळीची नळी. रविवारी सकाळी बार्ली भिजवली, तोटी उघडली. तीन थेंब आले. चौथा आला नाही. मिलिंदनं पिंप हलवलं, थोपटलं, इंग्रजीत समजावलं आणि शेवटी गुडघ्यावर बसून तोटीला तोंड लावलं आणि फुंकर मारली. पिंपानंही उलट फुंकर मारली. रूपालीनं दारातून त्याच्या चेहऱ्यावरची बार्ली बघितली आणि एवढंच म्हणाली, की आज जेवायचं आहे का तुझं झालं? ती बार्ली पक्ष्यांना टाकली. कबुतरं चार दिवस कुंपणावरून हलली नाहीत.

दुसरी आली ती भोकाभोकांची चकती. ही पिंपाच्या तळाशी घट्ट बसते, असं व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं सांगितलं होतं. दाढीवाल्याची बसली असेल. मिलिंदनं माप घेतलं होतं पिंपाच्या बाहेरून. (इंजिनिअर आहे.) चकती आत गेली नाही म्हणून त्यानं ती कानशीनं घासली, एवढी घासली की चारी बाजूंनी बोटभर फट राहिली. तोटी उघडली, तर पाणी आलं, बार्ली आली, मागोमाग चकतीचा स्क्रूपण आला.

शेजारच्या ग्रॅहमनं हे दोन्ही रविवार कुंपणावरून पाहिले. साठीचा माणूस, वेळ भरपूर. त्याचं एकच म्हणणं, मी पण माझी थोडी बिअर घेऊन येऊ का? मिलिंद म्हणायचा, नको, नको. रात्री ताट वाढलं तर आमटीकडे मिलिंद असा बघायचा, जणू तीसुद्धा आता गाळायची आहे.

बिअर तयार व्हायला चार आठवडे लागतात आणि रस्त्यावर टेबलं मांडायला जेमतेम साडेचार आठवडे उरले होते. म्हणजे येणारा रविवार शेवटचा. तो हुकला, की मिलिंदनं रस्त्यावर काय तोंड दाखवायचं?

मला बोलायचा संकोच फार. आमटीत मीठ नसलं तरी मी भात तसाच खाते, मागत नाही. पण गुरुवारी मिलिंद तिसऱ्या गाळणीचे फोटो रूपालीला दाखवत होता, आणि किंमत ऐकून मला राहवलं नाही.

"फडकं लाव," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या घरात असल्याचं त्यांना बहुतेक तेव्हाच आठवलं.

"कसलं फडकं, आई?" मिलिंद म्हणाला.

मी वर जाऊन बॅगेतून मलमलचं फडकं आणलं. कुरडयांसाठी भिजवलेला, वाटलेला गहू मी चाळीस वर्षं फडक्यानं गाळलाय. घरी दर उन्हाळ्यात दोन पायल्या गहू असतो. कधी तोटी तुंबली नाही, कारण तोटीच नव्हती. हे सगळं मी इतक्या हळू सांगितलं, की मिलिंदनं तीनदा काय, काय असं विचारलं. मग तो उठला, फडकं उजेडात धरलं, ताणून पाहिलं आणि म्हणाला, "रूपाली, आपण तीन आठवडे काय करत होतो?"

"आपण नाही, तू," रूपाली म्हणाली.

रविवारी पिंपात चकती ठेवली, तिच्यावर माझं फडकं अंथरलं, कडा वर काढून दोरीनं बांधल्या. बार्ली भिजली. तासाभरानं तोटी उघडली आणि धार लागली! स्वच्छ, तांबूस, बोटाएवढी जाड धार. मिलिंदनं मला उचललंच. आर्या तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "आजीची फडका जिंकली!" आणि कुंपणापलीकडून ग्रॅहमनं अंगठा वर केला. आता स्वतःच्या तोंडानं सांगायला नको, पण त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवण होईपर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत बावीस लिटर पाणी जमा झालं. ते आता उकळायचं होतं, आणि तेवढ्यात गॅसची टाकी संपली. मिलिंद गाडी काढून टाकी आणायला निघाला. रूपाली आर्याला घेऊन पोहायला गेली होती. जाताना मिलिंद म्हणाला, "आई, तू काही करायचं नाहीस. फक्त लक्ष ठेव."

हे असं कुणी मला सांगू नये. ज्या बाईला आयुष्यभर लक्ष ठेवता ठेवता काम करायची सवय आहे, तिला नुसतं लक्ष ठेवता येत नाही.

मी बादलीपाशी स्टूल घेऊन बसले. दहा मिनिटांनी पाहिलं, तर बादलीच्या तळाशी पांढरट थर बसलेला. मी लगेच ओळखलं. चीक! कुरडयांचा गहू गाळला, की ते पाणी ठेवून देतात. चीक खाली बसतो, वर पाणी राहतं. त्या पाण्याला निवळी म्हणतात आणि ती ओतून टाकायची असते. निवळी राहिली, तर चीक आंबतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मिलिंद टाकीच्या गडबडीत हे विसरला, असं मला वाटलं.

बिअर पितात, म्हणजे ती पातळ असणार, हे मला कळायला हवं होतं. पण माझा विचार असा, की सरबताचा घट्ट अर्क असतो, त्यात मागाहून पाणी घालतात, तसंच काहीतरी असेल. एवढी बार्ली, एवढी गाळणी, हे सगळं काय तांबड्या पाण्यासाठी?

मी कामाला लागले. आधी तांब्यानं वरचं उपसलं, अगदी हलक्या हातानं, तळ ढवळू न देता. मग बादली गटाराच्या जाळीपर्यंत सरकवली आणि हळूहळू कलती केली. अर्धा तास लागला. पण चिकाचा एक थेंब वाया जाऊ दिला नाही. इतकी सफाई माझ्या सासूबाईंनीसुद्धा वाखाणली असती! शेवटी पेलाभर चीक उरला. तो मी वाटीत काढला आणि वर झाकण ठेवलं. बादली घासून उन्हात पालथी घातली.

मिलिंद नवी टाकी खांद्यावर घेऊन आला. पालथ्या बादलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"आई, ह्यातलं पाणी कुठंय?"

"निवळी टाकली," मी म्हणाले. "चीक ठेवलाय झाकून."

त्यानं वाटीचं झाकण उचललं. मग टाकी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गटाराच्या जाळीकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "सगळं?"

मी मान हलवली.

त्या रात्री मी परत जायचं तिकीट आधी मिळतं का, असं रूपालीला विचारलं. ती म्हणाली, आई, तिकिटाचं नंतर, आधी ह्याला काहीतरी सबब शोधून द्या. (कधी काय बोलावं हे मला तिच्यासारखं कळलं असतं, तर मी फडक्याबद्दल गप्पच बसले असते.)

सबब चार आठवड्यांतही सापडली नाही. रस्त्यावर टेबलं मांडली गेली. विकत आणू नका म्हटल्यामुळे कुणी काही आणलं नव्हतं. ग्रॅहमनं मात्र मिलिंदच्या बिअरसाठी म्हणून साठ ग्लास आणून रांगेत लावले होते. सगळा रस्ता मिलिंदच्या रिकाम्या हातांकडे बघायला लागला. ग्रॅहमनं हसत विचारलं, की ह्या वेळी तर धार लागलेली मी पाहिली, मग बिअर कुठे आहे?

मिलिंदचे कान लाल झाले. लहानपणी पाटी फुटली की व्हायचे तसेच. मग तो म्हणाला, "माय मदर ड्रँक इट."

एवढं इंग्रजी मला येतं.

"सगळी?" ग्रॅहमनं माझ्याकडे बघून विचारलं.

मी साडी नेसून, कपाळाला कुंकू लावून, हातात सामोशांचा ट्रे घेऊन उभी. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाही. नाही म्हणाले असते, तर सगळ्यांसमोर मुलगा खोटा पडला असता. आणि खरं सांगावं, तर तेवढं इंग्रजी कुठलं? होय म्हणून मी मान हलवली. दोनदा.

मग ग्रॅहमनं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला, मला सावलीत खुर्ची दिली आणि कुणाला तरी बिअर आणायला दुकानात पिटाळलं. बिअर आली. सगळ्यांपुढे फिरली. माझ्यासमोरून तीनदा गेली आणि एकदाही थांबली नाही. मला सगळे आळीपाळीनं पाणी आणून देत होते. मिलिंद मात्र सगळ्यांशी मोकळेपणानं हसून बोलत होता. गाळणीचं कुणी नाव काढलं नाही.

निघताना समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईनं माझा हात हातात घेतला, हळू आवाजात बरंच बोलली आणि एक चिठ्ठी दिली. घरी आर्यानं वाचली. दारू सोडायची आहे अशा लोकांची बैठक, दर गुरुवारी, चर्चच्या हॉलमध्ये. चहा-बिस्किटं मिळतात.

मी जायचं ठरवलंय. मिलिंद म्हणतो, आई, वेडी आहेस का? पण एका दमात बावीस लिटर प्यायलेली म्हटल्यावर तिथे माझा पहिला नंबर नक्की आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर माझा कशातच आलेला नाही.