अंतरपाटामागची बेडकी

त्या वर्षी पाऊस आला आणि श्रावण तोंडावर असताना थांबला. कमानिया गेटमागच्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी बेडकांचे लग्न लावायचे ठरवले. पाऊस अडला की जबलपूरच्या जुन्या वस्तीत हे करतात. नवरीचे घर म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे घर ठरले. वरपक्ष म्हणून ताईने शहरातल्याच कांचघर वस्तीतून आपल्या होणाऱ्या विहीणबाईंना बोलावले. ताईच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात त्यांच्याच मुलाशी होणार होता.

नवरी तुळशीच्या वाफ्यात सापडली. पावसाळ्यात आमच्या अंगणात बेडकांच्या तीन जाती दिसतात. मोरीकाठी टुणटुण उड्या मारणारे सडपातळ. विटांखाली मुंग्या खाणारे, नखाएवढ्या तोंडाचे. तिसरे गोलमटोल, आखूड नाकाचे, पाठीवर मातकट ठिपके असलेले. ही तिसऱ्यांपैकी होती. विहीणबाईंनी आणलेला नवरा डबक्यातला, लांब तंगड्यांचा, हिरवट पट्ट्यांचा होता.

"ही एका जातीची जोडी नाही," मी म्हटले.

"तुम्ही पेपरवाले," विहीणबाई म्हणाल्या, "लग्नातही बातमी शोधता. आंतरजातीय समजा न जी."

सगळ्या हसल्या. भाची हसली नाही. ती नवरीसाठी माती चाळत होती. हिंदी घरांत अशा लग्नात बेडकीला परातीत ठेवतात. परात तापते म्हणून ताईने पसरट कुंडी घेतली होती आणि तीत ओली, भुसभुशीत माती भरायला लावली होती. शिवाय आमच्याकडे लग्न म्हणजे अंतरपाट आणि मंगलाष्टके आलीच. ताईने जुन्या उपरण्याचा अंतरपाट धरला आणि हौसेने सगळी मंगलाष्टके म्हटली, एकही कडवे गाळले नाही. सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे आणि हातातल्या अक्षतांकडे होते.

अंतरपाट दूर झाला. विहीणबाईंच्या परातीत नवरा होता. कुंडी रिकामी होती.

"दुल्हन भाग गई!" कोणीतरी ओरडले.

"चलो, सुटली बिचारी," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या बेडकाचं थोबाडच तसं आहे."

पुन्हा हशा झाला. मग कुंडीमागे, पायऱ्यांखाली, चपलांत शोधाशोध झाली आणि हसणे कमी होत गेले. जाताना विहीणबाईंनी चहा घेतला नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताई फक्त "अच्छा", "हो जी" म्हणत होती. फोन ठेवून तिने सांगितले, "साखरपुडा पुढे ढकलू म्हणतात. घरात नवरी यायच्या आधी नवरी पळाल्याचं दिसलं, मनाला लागून राहिलं म्हणतात." ती जेवली नाही.

सकाळी मी भाचीला अंगणात बोलावले. नवरीच्या त्या गोलमटोल जातीच्या मागच्या पायाला, टाचेपाशी, फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. माती मऊ लागली की हा बेडूक त्याने माती बाजूला सारत मागे मागे आत उतरतो. डोके सगळ्यात शेवटी जाते, वरची माती आपोआप मिटते. भोक राहत नाही.

कुंडीतली माती बोटांनी बाजूला केली. वीतभरही जावे लागले नाही. बेडकी अंग फुगवून, डोळे मिटून बसली होती. पाठीवर लग्नात लावलेला हळदीचा ठिपका तसाच होता.

"फोटो काढ," मी म्हटले. "विहीणबाईंना पाठव. पळाली नाही, इथंच होती म्हणावं."

भाचीने फोन काढला नाही.

"मामा, फोटो गेला की साखरपुडा होईल ना?"

"होईल."

तिने चाळलेली माती पुन्हा बेडकीवर लोटली आणि हात झटकले.

"मग नको. आईला सांगते मी."

ती आत गेली. आधी ताईचा आवाज आला. "काहून? काय कमी आहे पोरात? नोकरी आहे, घर आहे. आत्ता सांगून राहिली तू?" भाचीचे मराठी दोन वाक्यांत संपले. पुढचे सगळे हिंदीत झाले. आमच्या घरात भांडण वाढले की ते हिंदीत जाते. तिने मुलाबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही.

बऱ्याच वेळाने ताई बाहेर येऊन पायरीवर बसली.

"बेडकी सापडली म्हणे. तू फोटो काढ."

"पोरगीच नाही म्हणते तर फोटोचं काय करशील?"

"आणि विहीणबाईंना काय सांगू मी? बेडकीमुळं त्यांनी ढकललं, पोरीमुळं आम्ही मोडलं? कांचघरात तोंड दाखवायला जागा राहील का?"

भाची दारात आली होती. "मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "दे फोन."

ताई म्हणाली, "तुझं मराठी ऐकून त्या हसतील."

"हसू देत."

ताईने नंबर स्वतः लावला, पलीकडे घंटी वाजायला लागेपर्यंत फोन कानाशी धरला, आणि मुलीच्या हातात दिला.