चिबड्याच्या तळपायाच्या चामखिळी

आमच्या देवळाली प्रवरेच्या बाजूला, पाणी पिऊन पिऊन नासलेल्या जमिनीला चिबड म्हणतात. वर पांढरी खार, खाली चिखल आणि कडेनं माणसाएवढं पाणकणीस. अशाच एका दोन एकर चिबडात एक राक्षस राहतो. त्याच्यावर अर्ध्या तासाचा सिनेमा निघालेला आहे, मोबाईलवर फुकट बघायला मिळतो. राक्षसाचं नाव चिबड्या. त्याला जन्माला मी घातलं. हे मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिहून ठेवतो आहे, कारण तोंडानं सांगून पाहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

माझं लग्न नवीन होतं, ऊसही पहिलाच होता. पाटाच्या पाण्याची पाळी आली की मिळेल तेवढं पाणी घ्यायचं, पुढची पाळी कुणी पाहिली, अशी तेव्हा सगळ्यांचीच रीत. जास्तीचं पाणी ओढ्याला काढून द्यायला माझ्या रानातून चर खणावा लागला असता, आणि मला खणायचा कंटाळा होता. शेजारच्या तात्यांचं रान माझ्यापेक्षा खोलात. मधला बांध फावड्यानं दोन हात फोडला की पाणी आपल्या पायानं तिकडे जायचं. तात्या दुपारी जेवायला घरी गेले की मी हे काम उरकायचो.

तिसऱ्या खेपेला तात्या म्हणाले, उद्या चार माणसं आणून बांध कोण फोडतंय ते बघतो. माझी पाचावर धारण बसली. माझ्याकडे तेव्हा हाताशी दोनच वस्तू होत्या, घमेलं आणि दाताळं. मी घमेल्याचं बूड ओल्या चिखलात दाबलं, पुढे दाताळ्याचे चार दात रोवले. झालं पाऊल. अशी सात पावलं फुटक्या बांधापासून पाण्यापर्यंत नेली.

सकाळी चार माणसं आली. सगळ्यांत जास्त आश्चर्य अर्थात मलाच वाटलं. मी तोंड उघडायच्या आत त्यातले एक म्हातारे म्हणाले, असलं जनावर आपल्या आज्यानं पाहिलेलं आहे. ओढ्याकाठच्या चिबडातून आलं असणार म्हणून दुसऱ्यानं त्याला चिबड्या हे नावही देऊन टाकलं. तिसरा वाकून बघत म्हणाला की ह्याच्या तळपायाला बारीक बारीक चामखिळी आहेत.

मीही वाकलो आणि चामखिळी ओळखल्या. आमच्याकडे भांड्याकुंड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, कारण लग्नात आणि खळ्यावर वस्तू एकमेकांत मिसळतात. माझ्या वडिलांनी घमेल्यालाही सोडलं नव्हतं. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या नावाची तीन अक्षरं ठोकलेली होती. ती सातही पावलांत उमटली होती, उलटी, पण स्वच्छ.

तात्या उकिडवे बसले. मान इकडून तिकडून कलती करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असंल बाबा काहीतरी," आणि फावडं घेऊन बांध घालायला लागले.

मी महिनाभर शहाण्यासारखा वागलो. नंतर पुन्हा तेच. चारपाच वर्षांत तात्यांच्या दोन एकरांचं चिबड झालं आणि गावानं दोष चिबड्याला दिला. अमावस्येला लोक बांधावर उकडलेलं अंडं ठेवायला लागले. सकाळी अंडं गायब असायचं, हा गावाला मोठा पुरावा वाटायचा. मला घरून फक्त मीठ न्यावं लागायचं.

इथवर लिहिताना मला हसू येतं. पुढचं लिहिताना येत नाही. तात्या गेले, मागोमाग त्यांचा मुलगा गेला. राहिल्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी. स्वतःची दोन एकर असताना ही बाई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची. दर उन्हाळ्यात त्या मला एकच विचारायच्या, तुमच्या रानातून ओढ्यापर्यंत खोल चर काढू द्या, माझी जमीन पाण्यातून वर येईल. आणि मी उसाच्या चार ओळी, आमच्या भाषेत चार तास, वाचवायला सांगायचो, वहिनी, चर काढला तर ते जनावर माझ्या रानात येईल. हे मी तोंड वर करून म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वी संगमनेरहून कॉलेजची चार पोरं टेम्पोतून आली. त्यांना चिबड्यावर भयपट काढायचा होता. राक्षस त्यांनी गोणपाट, उसाचं पाचट आणि ठिबकच्या जुन्या नळ्या यांचा केला. पाचटाची कूस, म्हणजे बारीक काटेरी लव, लागून आतल्या पोराला इतकी खाज सुटली, की हिरॉइनच्या मागे धावतानाही तो खाजवत होता. पुढे लोकांना सिनेमातलं सगळ्यांत भीतिदायक तेच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या शेळीनं राक्षसाचा डावा खांदा खाल्ला. म्हणून शेवटच्या मारामारीत तो एकाच बाजूनं कॅमेऱ्याकडे येतो.

मला त्यांनी दंतकथा सांगणारा म्हातारा म्हणून बसवलं. समोर एक पोरगा फोमच्या पायाला डिंकानं साबुदाणे चिकटवत होता. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, चामखिळी, आजोबा, गावात सगळे सांगतात. एकेक साबुदाणा लागत होता आणि मला माझ्या बापाचं नाव दिसत होतं. कॅमेरा सुरू झाला. मी ठरवून आलेलं सगळं विसरलो आणि खरं बोललो.

"हे समदं खोटं हाय. बांध मी फोडला. पाऊल घमेल्याचं हुतं. तात्यांची जमीन मी बुडवली."

डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. दिग्दर्शक पोरानं येऊन माझ्या पायाला हात लावला. असा नैसर्गिक अभिनय आपण पाहिला नाही म्हणाला. मग मला तसंच बसून राहायला सांगितलं आणि मागून पाचटाचा हात माझ्या खांद्यावर आला. सिनेमात खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्याला चिबड्या चिखलात ओढून नेतो, त्याची ही सोय होती. खोटं कोणतं, तर मी वर सांगितलं ते.

देवळाच्या भिंतीवर सिनेमा दाखवला तेव्हा गाव खूश झालं. माझ्या मरणाला टाळ्या पडल्या. वहिनी पुढेच बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

सकाळी त्या आमच्या ओट्यावर आल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "भाऊजी, काम चांगलं केलं तुमी."

"ते काम नव्हतं, वहिनी. खरं हाय ते."

"म्हाईत हाय. मामंजींनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं हुतं, ह्या राक्षसाला बाप हाय आन् बापाचं नाव पायावर हाय. मी लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी मला सांगितलं."

मी विचारलं, मग तात्या बोलले का नाहीत.

"म्हनले, पोरगा हाय. लाजंल आन् सोताच येऊन सांगंल. मरेपरेंत वाट बघितली त्यांनी." बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आता सांगितलंत न्हवं. मग चर कवा काढताय?"

मी त्याच आठवड्यात जेसीबी बोलावला. चालवणारा पोरगा चिबडाच्या कडेला आला आणि थांबला. त्यानं सिनेमा पाहिलेला होता. मी म्हणालो, राक्षस मीच आहे, यंत्र आत घाल. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला तर त्यानंच ओढून नेलं. शेवटी मी धोतर वर खोचून त्या चिखलात गुडघाभर शिरलो आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. तेव्हा कुठे यंत्र हललं. चर माझ्या उभ्या उसातून गेला. चार तासांच्या जागी उसाचे सहा तास गेले.

वहिनींनी पहिल्या वर्षी खार निघावी म्हणून धैंचा हे हिरवळीचं खत पेरलं. यंदा दोन एकरांपैकी दीड एकरात गहू आहे. उरलेल्या अर्ध्या एकरात अजून पाय रुततो.

सिनेमा पाहून लोक येतातच. परवाच्या अमावस्येला चराच्या कडेला कुणीतरी अंडं ठेवलं होतं. मी सकाळी गेलो तर वहिनी ते सोलत बसल्या होत्या. अर्धं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, आणि पदराची गाठ सोडून मीठ दिलं.