सासूबाईंचा पलंग आणि चार इंची भिंत

आमच्या घराच्या भिंती मी आणि सुहासने स्वतःच्या हातांनी बांधल्या आणि त्या अजून उभ्या आहेत. सरळ उभ्या आहेत असं मी म्हटलेलं नाही.

परळच्या बैठ्या चाळीतली आमची एकच खोली, पत्र्याच्या भिंतींची. सासूबाई महिन्यासाठी गावाला निघताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत ब्लॉकच्या भिंती करून घ्या. चांगला गवंडी बोलवा. आणि माझा पलंग होता तिथेच पाहिजे." पलंग त्यांच्या माहेरचा, साडेसहा फुटी. दुसरीकडे त्यांची पाठ टेकत नाही. मागच्या भिंतीशी आडवा टाकला की या टोकापासून त्या टोकापर्यंत बसायचा.

गवंडी म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो. सुहासने मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. "यात काय आहे? लहानपणी काडेपेट्या नाही का रचायचो?"

मी त्याला अडवायला हवं होतं. मी म्हटलं, "मग सिमेंट मी कालवते." (पुरणपोळीची कणीक मळणाऱ्या बाईला सिमेंट ते काय!)

पत्रे काढायला शेजारचे कांबळी काका तयार होईनात. "अहो, तोच पत्रा आमचीपण भिंत आहे. काढलात तर आमचं ताट तुमच्या डोळ्यांसमोर." मग पत्रे तसेच ठेवून आम्ही आतल्या बाजूने ब्लॉक लावायला घेतले. पलंग गेला काकांच्या दारात.

भिंत सरळ येतेय का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात. वजन म्हणून मी सासूबाईंचा पितळी अडकित्ता दिला. उकडत होतं, म्हणून टेबलफॅन लावला. वाऱ्याने अडकित्ता एका बाजूला सरकला आणि सुहास त्याच्यामागोमाग भिंत घेऊन निघाला.

"फॅन बंद कर," मी म्हटलं.

"मला चक्कर येईल."

"भिंतीला आलीय."

संध्याकाळी काका डोकावले. "वहिनी, ही भिंत कोणाला नमस्कार करतेय?"

"तुमची मान तिरकी आहे, काका," सुहास म्हणाला.

काकांनी मान सरळ केली. "आता जास्त दिसतंय."

गावाहून रोज फोन. "गवंडी वेळेवर येतो ना?"

"आमच्या आधी उठतो, आई," मी सांगायचे.

सासूबाई येण्याच्या आदल्या दिवशी पलंग आत आणला. एक टोक भिंतीला लावलं. दुसरं टोक बसेना. सुहासने खांदा लावला, मी पाय लावला, काकांनी सल्ला दिला. पलंग हलेना.

"माप तू घेतलं होतंस ना?" सुहासने विचारलं.

"घेतलं होतं. सात फूट."

"कुठून?"

"बाहेरून."

चार इंच इकडच्या ब्लॉकने खाल्ले होते, चार तिकडच्या. पलंग दोन इंचांनी मोठा. लांबीला लावला तर कपाट उघडेना. शेवटी तो खोलीच्या मधोमध तिरका बसला. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला ओटा. पाणी प्यायचं तरी पलंग ओलांडून.

रविवारी सासूबाई आल्या. दारातच थबकल्या. "हा असा का?"

"गवंडी म्हणाला, असा टाकला की हवा लागते," सुहास म्हणाला.

त्या पलंगावर आडव्या झाल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं. "उत्तम. कोण आलं, कोण गेलं, दूध कोणी उतू घालवलं, सगळं दिसतं. त्या गवंड्याला गावच्या घरालाही नेऊ."

"त्याने हा धंदा सोडला, आई," मी म्हटलं. महिन्याभरात मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

सासूबाईंनी उशाशी ठेवलेला अडकित्ता उचलला. त्याच्यावरचं सिमेंट नखाने खरवडलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "आणि गवंडीण काय करते सध्या?"

गवंडीण पलंग ओलांडून चहा ठेवायला गेली.