मोडनिंबच्या माळावर गवत बघायला

माझी बायको रत्नागिरीची. लग्न होऊन सोलापुरात आली त्या दिवसापासून तिला इथलं ऊन सोसत नाही, धूळ सोसत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फारसा सोसत नाही. मी सरकारी शाळेत मास्तर. रत्नागिरीच्या शाळेत जागा रिकामी झाल्याचं कुणी दीडशहाण्याने तिच्या कानावर घातलं आणि घरात बदलीच्या अर्जाचा धोशा सुरू झाला. मला सोलापूर सोडायचं नव्हतं. शेवटी वैतागून म्हटलं, "दसऱ्याच्या सुटीत एकदा आमचा माळ बघ. कमरेएवढं गवत, तांबूस तुरे, वाऱ्यावर नुसत्या लाटा. तरी मन रमलं नाही तर घरी येऊन अर्ज लिहितो."

"बघू," ती म्हणाली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, तात्याबा, यांचं मोडनिंबजवळ कुरण आहे. त्यांना कार्ड टाकलं की आम्ही उभयता गवत बघायला येतोय.

सोलापूरहून पहाटेची गाडी धरायची आणि कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसायचं. जाणार असाल तर डबा आणि पाणी घरूनच घ्या. छोटी गाडी कधी सुटणार, हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. विचारलं की "सुटंल की!" एवढंच उत्तर. ती सुटेपर्यंत आमचा दहीभात संपला. वाटेत एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. बायको त्याच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

मोडनिंबला तात्याबांची बैलगाडी होती. रस्ता म्हणजे निव्वळ दगड. गाडीत जाड गोधडी अंथरा, आणि कृपा करून धोतर नेसून जाऊ नका, कुसळं मांडीपर्यंत शिरतात. मी नेसून गेलो होतो.

चढ संपायच्या आधी बायकोला म्हटलं, "डोळे मीट. मी सांगेन तेव्हाच उघड." बिचारीने मिटले. गाडी वर आली आणि बघतो तर काय, सगळा माळ भादरलेला! मधोमध घराएवढी गंजी, आणि गंजीपुढे नवा फेटा बांधून तात्याबा उभे.

"या मास्तर! बगा गवत. काडीन् काडी निवडून रचलंय."

"तात्याबा, अहो कापलंत कशाला? दिवाळीआधी इथे कुणी विळा लावतं का?"

"तुमी बगाय येनार म्हनला की! उभं गवत कुनी बगतंय व्हय? गंजीत हात घालून बगायचं, ओलं हाय का, कुजकं हाय का."

"कपाळ माझं! मला विकत घ्यायचं नव्हतं हो. हिला दाखवायचं होतं!"

"मग दावा की. कोन न्हाय म्हनतंय?"

बायकोने डोळे उघडले होते. गंजी बघून, मग माझं तोंड बघून, ती गाडीचं चाक धरून हसत सुटली. सोलापुरात आल्यापासून इतकी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. माझं मात्र डोकं फिरलं होतं.

कडेला टोपलीएवढा एक झुबका तेवढा उभा होता. "हा का ठेवलात?" तिने विचारलं.

तात्याबांची कारभारीण म्हणाली, "लाव्हरी बसलीया अंड्यावर, वैनी. तितं विळा कसा लावायचा?"

बायको लांबच उकिडवी बसली. वारा आला, तुरे तांबडे होऊन वाकले, आणि आतलं ते मातकट पाखरू जागचं हललं नाही. मी मागे उभा राहून कुसळं उपटत होतो.

"सगळा माळ असाच होता?" तिने मला नव्हे, तात्याबांना विचारलं.

"व्हय की. त्या पल्याडच्या बाभळीपत्तुर."

ती बराच वेळ त्या बाभळीकडे बघत राहिली. मग पिठलं-भाकरी झाली. कारभारणीच्या हाताला चव आहे, पण मी रागाच्या भरात अर्ध्या भाकरीवरच उठलो.

या प्रवासातून हाती काय लागलं म्हणाल, तर पाठदुखी आणि फाटलेलं धोतर. दिलेला शब्द मोडवेना, म्हणून घरी येताच कागद-दौत पुढे ओढली आणि 'मेहेरबान साहेब' इतकं लिहिलंही. बायको डोकावली.

"अर्ज का? तो राहू दे. आधी तात्याबांना कार्ड टाका. म्हणावं, पुढच्या दसऱ्याला आम्ही यायच्या आधी विळा लावाल तर याद राखा."