मंजुळाक्कांचा शनिवार

मंजुळाक्का संग्रहालयात गेल्या की एकाच वस्तूसमोर उभ्या राहत. एखादा पितळी दिवा, तारा तुटलेली वीणा, एखादी कांस्यमूर्ती. अर्धा तास तिच्यापुढे, मग हात जोडायचे आणि बाहेर. बाकीच्या खोलीकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. "सारें पाहिलें तर काहींच पाहिलें नाही," त्या म्हणत. "एका दिवशीं एक. देवळांत तरी सगळ्या देवांशीं बोलणें होतें का?"

बदली होऊन मी सांगलीहून तंजावरला आले आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहू लागले. सामान उतरवून घेत होते तेव्हा आतून आवाज आला, "अगोदर बैसा की! कोठून आलां?" सूर थेट तमिळ, शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे. मी चकित होऊन उभीच राहिले. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. माझ्या बोलण्याला त्या "पुस्तकाची मराठी" म्हणत आणि मान हलवत ऐकत. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान वारलेले, एकुलती मुलगी वत्सला चेन्नईला.

गुडघे दुखू लागल्यामुळे त्यांना सोबत हवी होती, आणि शनिवारी मला सुटी असे. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून आम्ही हिंडायचो. तिथे कुणी घराच्या ओसरीत जुने दिवे मांडून ठेवलेले, कुणी वाद्यं. सेल्वम नावाच्या गृहस्थांनी तर राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या चित्रांना दिल्या होत्या. प्रत्येक दारात अक्का चपला काढत. "राहू द्या अम्मा," असं लोक म्हणत, पण त्या ऐकत नसत.

सेल्वम यांच्याकडे मात्र त्या दर वेळी एकाच चित्रापुढे थांबत. लोण्याचा गोळा हातात घेऊन गादीवर बसलेला बाळकृष्ण. सोन्याचा वर्ख, कडेने काचेचे खडे. खाली पाटी होती : चित्रकार अज्ञात.

एकदा मी विचारलं, "अक्का, पुन्हा हेच?"

त्या चित्राच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हें अप्पांनीं केलेलें. माझ्या अप्पांनीं."

त्यांनी गादीच्या कडेकडे बोट दाखवलं. हिरव्या खड्यांच्या ओळीत एकच खडा लाल होता. "मी नऊ वर्षांची होतें. खडे लावायला मजला दिले होते. चुकलें. सुकल्यावर अप्पांच्या ध्यानांत आलें. मी रडूं लागलें. म्हणाले, असूं दे. पाहणाऱ्यानें कोठें तरी थांबावें."

पुढे कधीतरी अडचणीच्या दिवसांत ते चित्र घरातून गेलं होतं. कितीतरी वर्षांनी ते त्यांना इथे भिंतीवर सापडलं, पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला राहवलं नाही. त्यांना न विचारता मी सोमवारी सेल्वमना सगळं सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा चित्राखाली नवी पाटी होती. तमिळमध्ये, ठळक अक्षरांत, अप्पांचं एकट्याचं नाव : शंकरराव.

अक्कांनी ती वाचली. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्या वळल्या आणि चपला तशाच सोडून रस्त्यावर आल्या. मी चपला घेऊन मागे धावले.

"तुला कोणीं सांगितलें होतें?" एरवीचा 'तुम्ही' गळून पडला होता. "अप्पा एकटे होते का? फळी आरुमुगम आसारींनीं तासली, फणसाची. त्यांच्यासारखा सुतार पुन्हा झाला नाही. सेतुमामांनीं वर्ख लावला, एका डोळ्यानें अधू माणूस. अम्मा चिंचोक्याची खळ शिजवायची, हातांस फोड येईपर्यंत. कोणाचेंच नाव नव्हतें तोंवर सगळे एकत्र होते. आतां तीन माणसें दुसऱ्यांदा मेलीं."

मी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्यानंतर तीन शनिवार त्या भिंतीचा आधार घेत एकट्याच गेल्या. मी माडीच्या खिडकीतून त्यांना कोपऱ्यावर वळताना पाहत असे. हाक मारायचा धीर झाला नाही.

चौथ्या शनिवारी जिन्यावर त्यांची पावलं वाजली. त्या माडीवर कधीच येत नसत. धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि तमिळमध्ये लिहिलेला कागद माझ्यापुढे धरला.

"ह्यांत काय आहे तें वाचून सांगतें. तुझ्या अक्षरांत लिही. अप्पांस हें अक्षर येत होतें. मजला शिकवायचें राहिलें."

त्या नावं सांगत गेल्या, मी लिहीत गेले. आरुमुगम आसारी, फळी. गोदावरी, खळ. सेतुराव, वर्ख. शंकरराव, रंग. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि प्रत्येक नावाखालून बोट फिरवलं. "ही अम्मा ना?" गोदावरीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. मग आम्ही दोघी खाली उतरलो. त्या दिवशी रस्त्यात त्यांनी माझा दंड धरला होता. सेल्वमनी महिन्याभरात दोन्ही लिप्यांतली पाटी करून लावली.

त्या वर्षी मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबरात, दारापुढे पिठाच्या रांगोळीचं कोलम काढताना अक्का कोसळल्या. इस्पितळात दोन दिवस होत्या, पण शुद्धीवर आल्या नाहीत. वत्सला चेन्नईहून आली तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. तिने तो माझ्याकडून घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी तिला सेल्वम यांच्याकडे घेऊन गेले. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "अम्मा फोनवर म्हणायची, आज पाहून आलें," ती इंग्रजीत म्हणाली. "मला वाटायचं, देवळात जाते."

तिने पाटीवरचा तमिळ मजकूर हलक्या आवाजात वाचला. दुसऱ्या नावाशी अडखळली.

"हें कोण?" तिने मराठीत विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुमच्या आजी. अक्कांची आई."

ती चित्राकडे नव्हे, पाटीकडेच पाहत राहिली. मग सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "अम्हीं अज्जीच म्हणायचों. नाव कोणीं सांगितलेंच नाही."

आणि तिने ते पुन्हा एकदा मोठ्याने उच्चारलं. "गोदावरी."